वीतभर जास्तीची वायर

मल्लिनाथ हे लिहिणारच नव्हता. मोबाइलवर तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. लिहिण्यासारखं झालं तरी काय होतं? एक वायर कापली गेली. नाही, तिथंच तो दर वेळी अडखळायचा. कापली गेली नाही, त्यानं कापली. पक्कड त्याच्याच हातात होती. कोवळी काकडी मोडावी तसा बारका आवाज झाला. शेडच्या पत्र्यावर नाचणाऱ्या चिमण्यांनाही तो ऐकू गेला नसेल. पण आठ दिवस झाले तरी तो आवाज त्याच्या उजव्या अंगठ्यात बसून होता. कानात नाही, अंगठ्यात.

रविवारची दुपार होती. लातूरच्या औसा रोडला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दुकानामागं पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये शुक्रवारी टायर बदलून नांदेडहून आणलेली पांढरी एट हंड्रेड. सुगतच्या बापाची गाडी. सुगत म्हणजे अकरावी-बारावीला एकाच खोलीत राहिलेला दोस्त. डॉक्टर व्हायला नांदेडहून लातूरला आला आणि शेवटी विद्यापीठात क्लार्क झाला. मल्लिनाथ पण डॉक्टर व्हायलाच रेणापूरहून आला होता, तो बारावीतच गळाला. सुगतचे वडील ज्ञानोबा, सगळे त्यांना नाना म्हणतात, एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं विझत आत आली होती. गाडी गल्लीत उभी राहून टायर बसले होते. सुगत भंगारात देणार होता, पण नाना म्हणाले, मल्लूला दे, तो उघडून तरी बघंल. हे सुगतनंच हसत हसत सांगितलं होतं. मल्लिनाथनं ते वाक्य ऐकलं, सुखावला आणि विसरला. उघडून बघंल. त्यानं बघितलं नाही, नुसतं उघडलं.

त्याला गाडीच्या डॅशबोर्डवर मोठा स्क्रीन बसवायचा होता, नकाशावाला, गाण्यावाला. खोका आणून ठेवला होता. व्हिडिओ दुप्पट वेगानं बघून झाले होते. तो सगळं असंच शिकला. मोडत, जाळत, दुप्पट वेगानं. कुणी हात धरून शिकवलं नाही याचा त्याला अभिमान होता. त्या अभिमानाच्या खाली एक भीती पण होती, बारकी, ओलीच राहिलेली. एक दिवस खरा शिकलेला कारागीर काउंटरवर येईल, आपण उघडलेला मोबाइल हातात घेईल आणि काही न बोलता आपल्याकडं बघेल. म्हणून तो काम झालं की लगेच झाकण लावायचा. झाकण लागलं की सगळे कारागीर सारखेच.

डॅशबोर्डच्या खाली जुना सॅटेलाइट रेडिओ होता, सपाट, राखाडी, डब्याएवढा. त्याच्यामागून एक काळी जाड वायर वर जात होती. वायरीचं एक वेटोळं दोऱ्यानं बांधून कोपऱ्यात खोचलेलं होतं. मल्लिनाथला वाटलं, म्हाताऱ्यानं राडा करून ठेवलाय. मेलेला रेडिओ, मेलेली वायर. त्यानं पक्कड घातली. कच्च. आणि मग मोबाइलचा उजेड आत धरला.

आत राडा नव्हता. आत एक माणूस बसला होता. असंच वाटलं त्याला, आणि तो खरंच दचकून मागं सरला, डोकं स्टेअरिंगला आपटलं. प्रत्येक वायरीवर जखमेला लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर निळ्या बॉलपेननं ठाशीव अक्षर. 'पिवळी – कायम चालू.' 'लाल – चावी फिरवल्यावर.' 'काळी – बॉडीला. रंग खरडून मग कसली आहे.' एका स्क्रूजवळ, 'हा लांब आहे, दुसरा घालू नये.' जोडावर दोरा, दोऱ्यावर टेप, टेपचं टोक आत दुमडलेलं, उन्हाळ्यात पाघळून सुटू नये म्हणून. प्रत्येक जोडाच्या पट्टीवर शेवटी 'ज्ञा.' आणि तारीख, १४-५-०६. आणि एका ठिकाणी, सगळ्यात आत, जिथं कुणी बघणारच नाही तिथं, 'येथे माझी चूक झाली होती. दुरुस्त केली. ज्ञा. २१-५-०६.' मल्लिनाथनं ते चारदा वाचलं. कुणासाठी लिहिलं असेल हे? नानांना तर माहीतच होतं. म्हणजे पुढं कधीतरी उघडणाऱ्यासाठी. म्हणजे एकोणीस वर्षं ही पट्टी अंधारात त्याचीच वाट बघत बसली होती, आणि तो आला तो पक्कड घेऊन. कापलेल्या वायरीवर पण पट्टी होती, बरोब्बर कापलं त्याच्या बाजूला. 'छत. ओढू नये. ज्ञा.' कापू नये असं लिहिलं नव्हतं. कुणी कापेल असं त्या माणसाच्या डोक्यात आलंच नसेल.

मग त्याला ती गाडी आठवली, नव्यानं, आतल्या वासासकट. फोमचा, तेलाचा, आणि नानांच्या खिशातल्या बडीशेपेचा वास. दिवाळीच्या सुट्टीत तो सुगतच्या घरी राहायला गेला होता, आणि सुट्टी संपल्यावर नाना दोघांना लातूरला सोडायला निघाले होते, मल्लिनाथ पुढं बसला होता. रेडिओचा निळा पडदा पेटलेला आणि त्यावर इंग्रजी अक्षरं सरकत होती, सिग्नल शोधत आहे. ती सेवा बंद पडून तेव्हाच सहा-सात वर्षं झाली होती. मागच्या सीटवरून सुगत म्हणाला होता, "बंद करा ना नाना ते. वर काय न्हाई आता." नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शोधू दे त्याला." आणि मग मल्लिनाथला सांगत बसले. वर एकाच जागी उपग्रह थांबलेला, त्याच्याकडून गाणं सरळ खाली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, हा घरात ठेवायचा रेडिओ, अँटेना आग्नेयेला तोंड करून खिडकीत ठेवायची, गाडीत चालत नाही. बरोबरच होतं त्याचं. गाडी दर वळणाला तोंड फिरवती, मग अँटेनानं बघायचं कुठं? नानांनी सात रविवार घालवले. डावीकडं कलती, उजवीकडं कलती. शेवटी तिला टपावर पाठीवर निजवली. "म्हणलं, बाई, तू कुणाकडंच नको बघू. सरळ वर बघ. आवाज जरा कमी आला तरी चालंल, पण वळणावर सोडायचा न्हाई." आणि नाही सोडला. नांदेडला लागलेलं जुनं गाणं, लोहा गेलं, माळाकोळी गेली, अहमदपूरचा घाट गेला, तरी तेच स्टेशन, तोच आवाज. फक्त दाट झाडाखाली तुटायचं. वडाखाली दोन शब्द, चिंचेखाली एक. नाना म्हणाले, "मला ह्या रस्त्याची झाडं गाण्यातल्या भोकांवरनं पाठ हायत." सोळा वर्षांच्या मल्लिनाथला तेव्हा एवढंच वाटलं होतं की हा माणूस आपला बाप असता तर बरं झालं असतं. आणि लगेच रेणापूरच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी बसलेला स्वतःचा बाप आठवून लाज वाटली होती.

तेवढ्यात फोन वाजला. सुगत.

"काय करून राहिलास बे?"

"काय न्हाई. बसलोय."

"उद्या नानाला घेऊन यायलोय लातूरला. डोळ्याच्या डॉक्टरची तारीख हाय. नाना म्हणायलेत एकदा गाडीत बसायचंय. तू उघडली का काय गाडी?"

आणि मल्लिनाथच्या तोंडातून निघून गेलं, "हात सुदिक लावला न्हाई अजून."

खोटं बोलायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्याला जागा करून द्यायला. फोन ठेवल्यावर त्यानं वायर जोडायला घेतली. साधी वायर असती तर दोन मिनिटांचं काम. ही चार थरांची, वरची काळी साल, खाली तांब्याची जाळी, मग पांढरा गर, आणि मधे केसाएवढी नस. नसेला नस, जाळीला जाळी, आणि दोघींनी एकमेकींना शिवायचं नाही. त्याच्या बोटांना घाम आला. सोल्डर गन तापत ठेवली होती, पण डॅशबोर्डखाली उताणं पडून डाग द्यायला गेला तर दोनदा सटकली. मग त्यानं नस पिळली, जाळी पिळली, टेप गुंडाळली, बटण दाबलं. आधी पडद्यावर आलं होतं, अँटेना जोडा. आता आलं, सिग्नल शोधत आहे. चाललं. चाललं म्हटल्यावर छाती हलकी झाली पाहिजे होती. पण तो जोड अजगरानं उंदीर गिळल्यासारखा फुगलेला दिसत होता. तेव्हा त्यानं ते केलं. नानांची पट्टी, 'छत. ओढू नये. ज्ञा.', नखानं हळूच सोडवली, आपल्या जोडावर गुंडाळली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. फारच छान बसली. झाकण लावलं.

सोमवारी दुपारी, डॉक्टरला दाखवून दोघं आले. नाना बारीक झाले होते. सुगतच्या दंडाला धरून चालत होते, पण धरण्यात टेकण नव्हतं, नुसता हात ठेवलेला. पिंजऱ्यात पाखरू बघावं तसं डोकं जरा कलतं करून कडेनं बघत होते, कारण आता मधलंही बरंच विझलं होतं, डाव्या कोपऱ्यात थोडं उरलं होतं.

"जय भीम, नाना," मल्लिनाथ म्हणाला.

"शरणार्थ, शरणार्थ," नाना म्हणाले. हा त्यांचा जुना खेळ होता. त्यानं त्यांचा नमस्कार घालायचा, त्यांनी त्याचा. "डॉक्टर म्हणला, हाय तेवढी टिकली तर टिकली. येताना तुमच्या त्या नव्या एसटीत बसलो. गिअर टाकताना कण्हती बिचारी. डायव्हरला सांगितलं, तर म्हणतो, बाबा, तुम्ही मागं बसा."

"मागं बसा म्हणला तरी बसले नाईत," सुगत म्हणाला. "लोह्यापस्तोर त्याच्या कानात बोलू लागले. त्यानं गाडी पळवली ती ह्यांना लवकर उतरवायला."

नाना हसत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चावी त्यांनी स्वतः शोधली, स्वतः फिरवली. रेडिओचं बटण चाचपून दाबलं. "काय लिवून आलं?"

"शोधत आहे," सुगतनं वाचलं.

"हं." नानांनी डोळे मिटले. मल्लिनाथला वाटलं, झालं. निभलं. आणि नेमका तेव्हा त्या माणसाचा उजवा हात डॅशबोर्डखाली गेला, झाकण सरकवून आत शिरला. शोधत नव्हता तो हात. घरच्या माणसासारखा अंधारात आपल्या खोल्यांतनं चालला होता. पिवळी, लाल, काळी. बोटं प्रत्येक पट्टीवर थांबत होती, खुशाली विचारल्यासारखी. लांब स्क्रू. मग छताची वायर. बोटं थांबली. पुढं गेली, परत आली. पत्रा तापून टणकन वाजला.

"पट्टी माजी हाय," नाना म्हणाले. "जोड माजा न्हाई."

सुगतनं मल्लिनाथकडं बघितलं. काल फोनवर ऐकलेलं वाक्य त्याच्या डोळ्यात वर आलं.

"चालतंय की, नाना," मल्लिनाथ म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला काउंटरवरचा वाटला, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा.

"चालतंय. चालतंय म्हणून मी पन्नास माणसं बसवून गाडी घाटात पाठवली असती व्हय?" आवाज चढला नव्हता. "जोड कुणी बी तोडतं रे. तुटतोच. पण वर्कशॉपात आपली एकच रीत व्हती. ज्यानं जोडलं त्यानं नाव घालायचं. का? तर फुडं उघडणाऱ्याला शिव्या कुणाला द्यायच्या ते कळलं पायजे. शिवमूर्ती म्हणून एक होता आमच्यात, त्यानं एकदा हेडलाइटचा जोड बिननावाचा सोडला. काय झालं न्हाई, गाडी नीट गेली, नीट आली. तरी मी दोन महिने बोललो न्हाई त्याच्याशी. अन् तू तर माजं नाव घातलं. माज्या नावानं शिव्या खायच्या सोयीनं."

मल्लिनाथला वाटलं होतं, असा क्षण आला की आपण आतून पडू. दुकान टाकल्यापासून ज्याची भीती होती तो शिकलेला कारागीर शेवटी आला होता, झाकण उघडून बसला होता. पण तो बघत नव्हता. त्याला दिसतच नव्हतं. तो नुसता हात लावून होता, आणि तो हात अजून त्या फुगीर जोडावरच होता, दुखऱ्या जागेवर ठेवावा तसा. त्यामुळं बोलणं सोपं गेलं. "मी कापली, नाना. काल. बघायच्या आधीच कापली. मग तुमची पट्टी काढून लावली. सुगतला खोटं बोललो."

"साल्या," सुगत म्हणाला.

"त्याला मग शिव्या दे," नाना म्हणाले. "आधी हे काढ. कोपऱ्यात वेटोळं हाय बघ दोऱ्यानं बांधलेलं."

"हाय. मला वाटलं राडा हाय."

"राडा तुज्या डोस्क्यात. वीतभर वायर जास्तीची ठेवलीय तिथं. मागून येणारा एकदा तरी चुकणार म्हणून. मी बी चुकलोच व्हतो की."

त्या वेळी काय झालं हे मल्लिनाथला नंतर कितीदा तरी आठवलं आणि दर वेळी ते शब्दांच्या कडेनं निसटलं. वीतभर. कुणीतरी एकोणीस वर्षांपूर्वी आपल्या चुकीसाठी वीतभर जागा ठेवली होती. त्याला कुणी अशी जागा ठेवलेली माहीत नव्हती. बारावीत नापास झाला तेव्हा नव्हती, दुकान टाकलं तेव्हा नव्हती. त्यानं स्वतः पण कधी ठेवली नव्हती, ना कुणासाठी, ना स्वतःसाठी. त्यानं तो दोरा सोडला, गाठ न कापता, नखानं.

पुढचा तास नाना बोलत होते आणि तो करत होता. "साल काढताना पातं आडवं धर, उभं न्हाई. जाळी मागं उलट, सदऱ्याची बाही मागं सारल्यावानी. आता नस. डाग नसेला द्यायचा न्हाई, आधी नस तापव, सोल्डर आपल्या पायानं येतंय." उताणं पडून त्याची मान आखडली, घाम डोळ्यात गेला. एकदा सटकली. "सटकू दे. श्वास सोड." दुसऱ्यांदा सोल्डर खरंच आपल्या पायानं आलं, पाऱ्यासारखं झरकन नसेवर पसरलं, आणि त्याच्या तोंडातून नकळत "आलं की" निघून गेलं. सुगत आधी बाहेर उभा होता, हाताची घडी घालून. मग कधीतरी तो वाकला, मग गुडघ्यावर बसला, मग बापाच्या पायाशी मांडी घालून आत बघायला लागला. पट्ट्या एकेक करून मोठ्यानं वाचायला लागला. 'रंग खरडून मग कसली आहे.' 'दुसरा घालू नये.' आणि शेवटी ती आतली, 'येथे माझी चूक झाली होती.' तिथं तो थांबला.

"हे सात रविवार," तो म्हणाला. "नायगावला मामाकडं जायचं राहायचं. आई गाडीकडं बघून बोटं मोडायची. मला वाटायचं, नाना नुसते डोकं घालून बसतात आत."

"घालूनच बसलो व्हतो," नाना म्हणाले. "बायकू खरंच म्हणायची."

पांढरी चिकटपट्टी मल्लिनाथकडं नव्हती. सुगत उठून औषधाच्या दुकानातून घेऊन आला, न सांगता. मल्लिनाथनं बॉलपेननं लिहिलं, 'छत. येथे मी कापली होती. जोडली. म.' आणि तारीख. अक्षर वाकडं आलं. नानांनी बोट फिरवून जोड बघितला, दोनदा. वा म्हणाले नाहीत. हात बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "चला, आष्टामोडपर्यंत जाऊन येऊ." मल्लिनाथला त्याहून मोठं सर्टिफिकेट नको होतं.

गाडी तो चालवत होता, नाना शेजारी, सुगत मागं. नऊ वर्षांपूर्वी होते तसेच, फक्त ड्रायव्हर बदललेला. नांदेड रोड आता रुंद झालाय, गुळगुळीत, दोन्हीकडं उन्हाचा भगभगाट. पडदा निळा पेटलेला. नाना डोळे मिटून बसले होते आणि खिडकीबाहेर हात काढून वारा मोजत होते. मधेच म्हणाले, "हितं लिंब व्हता." लिंब नव्हता. पुढं म्हणाले, "आता चिंच. एक शब्द जायचा हितं." तिथं पिवळा दगड होता, किलोमीटरचा. रेडिओतून काहीच येत नव्हतं, खरखर सुद्धा नाही. तो जुन्या रेडिओसारखा खरखरणारा नव्हता, गप्प म्हणजे गप्पच. पण नाना सांगतील तिथं त्या गप्पपणाला पण भोक पडल्यासारखं व्हायचं, आणि मल्लिनाथ नकळत गाडी हळू करायचा. नसलेल्या झाडाची सावली अंगावरून जायची. नसलेलं गाणं दोन शब्द थांबून परत सुरू व्हायचं. "काय लिवून आलं?" नाना दर थोड्या वेळानं विचारायचे. मागून सुगत पुढं वाकून वाचायचा, "शोधत आहे, नाना." आधी जसं वैतागून म्हणायचा तसं नाही. रस्ता विचारणाऱ्याला नीट सांगावं तसं.

परतताना नाना झोपले. बसस्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. त्यांना खिडकीशी बसवून सुगत खाली उतरला. शेंगदाण्याची पुडी फोडली, अर्धी मल्लिनाथच्या हातावर ओतली.

"स्क्रीन कधी बसवायलास?"

"खोका परत करतो."

"नको करू. बसव की वर. गाडी तुजी हाय. खालचं फक्त राहू दे."

"राहू देतो."

"तुजा काय भरवसा. हात सुदिक लावला न्हाई म्हणला व्हतास." सुगत हसला, पण पूर्ण नाही. "मला तोंडी नको. जोडाला नाव घातलं ना, तसं ह्याला पण घाल. लिहून पाठव मला. नानाला वाचून दाखवीन. मलाच वाचायचंय खरं तर. मी त्या गाडीत बारा-पंधरा वर्षं बसलो रे, अन् एकदा सुदिक खाली वाकून बघितलं न्हाई."

"मला कुठं लिवता येतंय."

"वाकडं लिव. पण पट्टी बदलल्याचं गाळू नको."

कंडक्टरनं घंटी मारली. सुगत पायरीवर चढला आणि दांडीला धरून मागं वळून बघत राहिला, उत्तर घेतल्याशिवाय आत न जाणाऱ्या माणसासारखा. वर खिडकीत नाना जागे झाले होते आणि इंजिनाकडं कान लावून, डोकं कलतं करून बसले होते.

"लिहीन," मल्लिनाथ गाडीबरोबर चार पावलं चालत म्हणाला. "सगळं लिहीन. पट्टी बदलल्याचं पण. अन् खाली नाव माझंच घालीन."